हौसाकाकीची उचल

नमिता कारखान्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा हौसाकाकी समोरच पाटावर बसून गणपतीच्या सोंडेला पॉलिशपेपर मारत होती. तिने वर पाहिलं आणि हात थांबला. तोंडावरचा रंगच गेला तिच्या. पैसे बुडवून गेलेली बाई चार वर्षांनी दारात आली, तर कुणी तिला ओवाळत नाही, हे नमिताला ठाऊक होतं. पण काकी निदान दोन शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं.

"आलीस," काकी म्हणाली. "म्हायती व्हतं मला, एक दिवस येशील." मग तिच्या मागे रस्त्यावर बघत म्हणाली, "एकटीच? भावाला नाय आनलास?"

"एकटीच आले, काकी."

काकीने कामाच्या पोरींना चहाला पिटाळलं आणि पाट पुढे सरकवला.

पेणजवळच्या या हमरापुरात, काकीच्या गणपतीच्या कारखान्यात, नमिता आखणी करायची. आखणी म्हणजे रंगून झालेल्या मूर्तीचे डोळे काढायचे. रंग कुणीही मारेल, पण डोळ्याला हात लागतो, आणि नमिताचा हात अख्ख्या गावाला माहीत होता. चार वर्षांमागे सीझन धरताना तिने काकीकडून वीस हजार उचल घेतली. उचल कामातून फिटते. रोज किती मूर्ती झाल्या ते मालकीण लिहिते, कामाला बसलेली बाई कधी मोजत बसत नाही. विसर्जन झालं की सगळ्यांचा हिशोब एकदम होतो.

नमिता हिशोबापर्यंत थांबलीच नाही. ऐन जुलैत कळलं, की पोरीच्या फीसाठी ठेवलेले ते वीस हजार नवऱ्याने मोबाइलवरच्या रमीत घालवले. जी पोरीला घेऊन उठली, ती थेट रोह्याला, भावाकडे. मागे दोनशे मूर्ती बिनडोळ्यांच्या राहिल्या. दसऱ्याच्या आसपास काकीचे दोन फोन आले. नमिताने घेतले नाहीत. तिसरा आला नाही. भर सीझनात काम टाकून गेलेल्या बाईच्या डोक्यावर अख्खी उचल बसते, असं तिने धरूनच ठेवलं होतं. विचारायला तोंड होतं कुठे?

भाऊ हरेश आणि अनितावहिनी वाईट होते का? अजिबात नाही, खोटं कशाला बोला. पण चार वर्षं चहाचं आधण ठेवतानासुद्धा 'वहिनी, टाकू का?' विचारायचं, याचाही कंटाळा येतोच माणसाला. पोरगी आता आठवीत गेली. पेणला एक खोली मिळत होती, डिपॉझिट वीस हजार. मेडिकलच्या दुकानात उभं राहून नमिताने बरोबर तेवढेच साठवले होते. पण खोलीचं भाडं निघणार ते आखणीवर, आणि उचल बुडवलेल्या बाईच्या हातात हमरापुरात कुणी ब्रश देत नाही.

"विसरली असेल ती," हरेश म्हणाला होता. "आधी खोली घे."

ऐकायला फार बरं वाटलं. चार वर्षं ती स्वतःला तेच तर सांगत आली होती. तरी सकाळी पाकीट पर्समध्ये घातलं आणि पेणची गाडी पकडली.

काकी मात्र काही विसरलेली दिसत नव्हती. ती बोलायलाच लागली. "रंग केवढा महागला, म्हायती हाय? त्या साली तू गेलीस, मंग बाहेरून मानूस आनला आखणीला. दुप्पट घेतलंन. वर एका व्यापाऱ्यानं शंभर मूर्ती परत धाडल्या, डोळे बरे नाय म्हनून. त्या सालापासून माझं काय वर आलंच नाय गो."

नमिता मान खाली घालून ऐकत होती. एकेक शब्द तिला लागत होता. शेवटी राहवेना, तिने पाकीट काढून काकीच्या हातात दिलं.

"काकी, चुकले मी. तुझे वीस हजार आहेत. मोजून घे."

काकीने पाकीट उघडलं. पाचशेच्या नोटा बघितल्या. "कुठनं आनलेस?"

"साठवलेले. खोलीच्या डिपॉझिटला ठेवले होते. खोलीचं बघेन मागाहून."

काकीने पाकीट मिटलं. कमरेला खोचायलाही गेली. अर्ध्यात हात थांबला. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि जुनी वही घेऊन आली. पान काढून नमितासमोर धरलं.

"वाच."

वर नमिताचं नाव होतं, खाली रोजच्या मूर्तींचे आकडे. नमिताचे डोळे सगळ्यात खालच्या आकड्यावर गेले. सतरा हजार दोनशे. भोवती गोल केलेला.

"आणखी सतरा हजार?" ती कशीबशी म्हणाली. "एवढे मी कुठून आणू, काकी?"

"नीट वाच गो. बाराशे चाळीस मूर्तींचे डोळे काढलेस तू. तीस रुपयानं सदतीस हजार दोनशे झाले. त्यातून उचल वजा केली." काकीने पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. "ते सतरा तुझे हायत माझ्याकडे. दसऱ्याला द्यायलाच फोन केलेला. तू नाय घेतलास, मंग माझ्याकडून खर्चले गेले. आता एकदम नाय जमायचे. हप्त्यानं दिले तर चालतील?"