ताठ अंगठा

बरोबर पाच वाजता कौसल्याबाईंच्या डाव्या मनगटाला मुंग्या आल्या. तिकडे रॉटरडॅमला विश्वासने आपली पट्टी दाबली, की इकडे आईच्या मनगटावरची पट्टी बोटन्‌बोट तोच दाब मुंग्यांनी उमटवायची. दीड वर्षात त्याने एकही दिवस चुकवला नव्हता. पण दिवाळीपासून बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती.

चाळीस वर्षं बांगड्या भरलेल्या कासारणीला हात ओळखायला डोळे लागत नाहीत. विश्वासचा पंजा पसरट, मऊ. हा हात अरुंद होता, आणि त्याचा अंगठा काही केल्या बोटांजवळ येत नव्हता.

त्यांनी फोन लावला. "विशू, आत्ता तूच हात धरला होतास ना?"

"मग कोण, आई? रोजच धरतो की."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. फोन ठेवून त्या मनगट चोळत बसल्या. असा ताठ अंगठा त्यांनी आयुष्यात एकदाच हाताळला होता. विशूच्या लग्नात सुनेला, रेवतीला, चुडा भरताना त्या अंगठ्यापायी तीन बांगड्या पिचून वाढल्या होत्या. अपशकुन म्हणून तेव्हापासून त्या तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पाचला मुंग्या येताच त्यांनी रेवतीला फोन लावला.

"तूच आहेस ना गं?"

मनगटावरचा हात दचकून सुटू लागला.

"सोडू नकोस," कौसल्याबाई म्हणाल्या. "अंगठा तेवढा आत घे."