मुळीचा गुण

तिसऱ्या खेपेलाही काचेच्या बशीत जंतूंची साय जशीच्या तशी होती. भाचीनं बशी उजेडाकडे धरली. दवाखान्यातल्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला होता. तिथले जंतू मेले होते. मावशीच्या मुळीचा अर्क जिथं घातला होता, तिथं मात्र ते मजेत नांदत होते.

"ताजी मुळी झाली, वाळलेली झाली, स्पिरिटात भिजवून झाली," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. "आता काय तिला गाणं म्हणायला लावायचं?"

"पण अख्ख्या गल्लीला गुण येतो, बाई. कुणाला जुलाब लागले की आधी मावशीचं दार वाजतं."

"देतात कसा काढा?"

"मुळी उकळून. आणि अलीकडे कुठंसं ऐकून मीठ-साखर घालायला लागली. दिवसभर घोट घोट पाजायचा."

"मग झालं तर! गुण त्या मीठ-साखरेच्या पाण्याचा. मुळी नुसतीच वरातीत मिरवतेय."

भाची हसली, पण हे मावशीला सांगायचं कसं? आई गेल्यावर मावशीनंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. जन्मात कधी काही मागितलं नाही. या मुळीसाठी मात्र तिनं टुमणंच लावलं होतं, "तुझ्याकडे यंत्रं आहेत ना? मग मरायच्या आधी एकदा खरं काय ते कळू दे गं मला."

म्हातारीला आपल्या औषधावर शिक्का हवाय, भाचीनं ओळखलं होतं.

घरी येईपर्यंत तिचं ठरलं. काढ्यानं कुणाचं वाईट तर होत नव्हतं. एवढा एकच अभिमान मावशीच्या गाठीला. तो हिरावून घेऊन कुणाचं काय भलं होणार होतं?

मावशी स्वयंपाकघरात खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती.

"लागला निकाल?" तिनं मान वर न करता विचारलं.

"लागला." भाचीनं चपला काढायला उगाच वेळ लावला. "चालते मुळी, मावशी. जंतू पटापट मरतात."

"लहान मुलांच्या जुलाबातलेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"छे! या डोळ्यांनी पाहिलंय मी."

मावशीच्या बोटांतली पाकळी तशीच राहिली. भाची तिच्या हसण्याची वाट पाहत उभी होती.

"तुझ्या जन्माआधी मला एक बाळ होतं," मावशी हळू आवाजात म्हणाली. "जुलाबानं गेलं. सासूबाई याच मुळीचा काढा घेऊन दारात उभ्या होत्या. असला पालापाचोळा माझ्या बाळाला नको, म्हणून मीच ती वाटी मोरीत ओतली."