प्रवासास हरकत नाही

"काही त्रास? चक्कर येते, डोकं दुखतं, पायांना सूज?" डॉक्टर सुमेधा मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही," सुचिता म्हणाली. "एकदम फिट आहे मी. फक्त तेवढं लेटर द्या मॅडम. सात महिने उलटले की विमानवाले डॉक्टरांचं लेटर मागतात."

पुतळाबाई लेकीच्या मागे स्टुलावर बसल्या होत्या. 'काहीच नाही' ऐकून त्यांनी मान वर केली. सकाळीच न्हाणीत सुचिताला गरगरलं होतं. नळाला धरून ती खाली बसली होती आणि पुतळाबाईंनी तिला तशीच ओलेती उचलून खाटेवर आणली होती. लिंबूपाणी पिऊन थोड्या वेळाने ती उठली, हसलीसुद्धा. "आये, डॉक्टरकडे हे बोलू नको हां. लेटर नाही मिळणार मग."

चुलतभावाच्या, केतनच्या हळदीला म्हणून ती आली होती, परतीचं तिकीट काढूनच. बेंगळुरूला तिच्या सासूबाईंनी मोठ्या हॉस्पिटलात नाव घालून ठेवलं होतं. "तिकडे सगळी सोय आहे," असं सुचिता चार दिवसांत सगळ्यांना सांगत होती, कोणी विचारलं नाही तरीही.

पुतळाबाईंनी विचारलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे खरं. पण सासरहून तसा शब्द आल्याशिवाय आईने लेकीला 'राहा' म्हणायचं नाही, हीही त्यांच्या घरातली रीतच. मात्र घणसोलीच्या घराची वरची खोली त्यांनी गणपतीतच रिकामी करून घेतली होती. भाडेकरूला सांगितलं, छत गळतंय. नवा पंखा लावला, खिडकीला जाळी मारली. भाडं बुडतंय म्हणून त्यांचे यजमान गोटीराम दोनदा कुरकुरले. "भारा बुरवून खोलीन काय देव बसवनार हायस?" पुतळाबाईंनी खोली परत एकदा झाडून घेतली.

मॅडमनी सुचिताला टेबलावर निजवलं, दाब पाहिला आणि पोटावर यंत्र टेकवलं. खोलीभर ठोके घुमू लागले. भरधाव, कुठेतरी पोचायची घाई असल्यासारखे. पुतळाबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. यंत्र उचललं तेव्हा खोली एकदम रिकामी वाटली.

"ठोके छान आहेत. दाबही ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. मग लेटरहेड पुढे ओढून त्या पुतळाबाईंकडे वळल्या. "पोरी काही सांगत नाहीत. आई, तुम्ही सांगा. घरी काही झालं का?"

सुचिता टेबलावर उठून बसली होती. ती आईकडे बघत होती.

एक वाक्य बोलायचं होतं. खोटंही नव्हतं ते. ते बोललं की कागद मिळाला नसता, तिकीट वाया गेलं असतं आणि ते ठोके वरच्या खोलीत आले असते. शब्द पुतळाबाईंच्या ओठांवर आले. पण ते घडलं म्हणून आले की आपल्याला हवं होतं म्हणून, हे त्यांना कळेना. पाणी फारच कढत होतं का सकाळी? आपणच तर तापवलं होतं. उद्या लेक म्हणाली, आयेने स्वतःच्या हौसेसाठी मला अडकवून ठेवलं, तर?

"नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "बरी हाय ती."

मॅडमनी लिहून, सही करून शिक्का मारला. "प्रवासाला हरकत नाही. कडेची सीट घे, अधूनमधून उठून चाल. पट्टा पोटाच्या खालून बांध. तिकडे पोचलीस की लगेच दाखव."

सुचिताने कागद घेतला, पण ती उठली नाही. "म्हणजे... नक्की जाऊ शकते ना?"

"अगं, तूच मागितलंस ना?" मॅडम हसल्या.

जिना उतरताना पुतळाबाईंनी लेकीचा दंड धरला होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "तुजी आजी बोलायची, आठव्यान पोटुशीनी खारी वलांडू नये."

"विमान खाडीच्या वरून जातं आये. पाय कुठे ओले होतात?" सुचिता म्हणाली. दरवेळी असं काही बोलून ती हसायची. आज हसली नाही.

कोपरखैरण्याच्या त्या रस्त्यावर रिक्षा लगेच मिळाली. सुचिता आधी आत बसली. पुतळाबाईंनी दांडी धरून एक पाय वर ठेवला, तेवढ्यात कागदावरची नजर न काढता सुचिता बोलली. इतके दिवस ती ऑफिसातल्यासारखं बोलत होती. आता तिच्या तोंडी घरची बोली आली.

"मना वाटला, तू सांगशील."

"काय?"

"सकालचा. मॅडमनी तुलाच इचारला ना?" तिने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मी राहते बोलले, तं तिकरं सगल्यांना राग येल. डॉक्टर नाय बोलली असती, तं कोनी काय बोलला नसता."

पुतळाबाई एक पाय रिक्षात आणि एक रस्त्यावर, अशाच उभ्या राहिल्या. मागे टेम्पोचा हॉर्न वाजला.

"बसा ना मावशी," रिक्षावाला म्हणाला. "मागे गाडी आलीय. कुठे सोडू?"

पुतळाबाईंनी दवाखान्याच्या जिन्याकडे पाहिलं आणि आतला पाय काढून रस्त्यावर ठेवला.

"तू जा बाबा," त्या म्हणाल्या आणि लेकीला उतरवायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले.