बिनकानाची बाहुली

घरी अर्धवट सोललेले कांदे. धान्याच्या कोठीत व्यालेली मांजर. कुंपणापर्यंत चढलेलं नदीचं लाल पाणी. आणि केन सुताराच्या ओट्यावर, पटाशीशेजारी, वेबखेतचं डोकं.

उंबराच्या लाकडाचं. मुठीत मावेल एवढं. नाक तिचंच होतं. हनुवटीवरची खळीसुद्धा.

वेबखेतला तिथे बसवेना. उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"केनदादा, हिला कान कोरू नकोस."

"डोकं फिरलंय का तुझं? बहिरी बाहुली हुनरोबाईंच्या थडग्यात काय लोणचं घालायला ठेवायची?" केन हसला. "मेल्यावर तिकडच्या शेतात कामाची हाक आली की कुठल्याही बाहुलीने उठायचं, 'आले' म्हणायचं, मालकिणीच्या वाटची माती उपसायची. ऐकूच आलं नाही तर उठेल कशी?"

"तेच म्हणतेय मी."

केनचं हसू गेलं.

"एवढीशी होते तेव्हा बाईंच्या घरी आले. तेव्हापासून 'आले, आले' करतेय. इथलं एक दिवस संपेल. तिथलं संपतच नाही, दादा."

"अगं, पण बाई मला म्हणाल्या—"

"ठाऊक आहे काय म्हणाल्या. 'वेबखेतशिवाय मला तिकडे करमायचं नाही.' साऱ्या गल्लीला सांगत असतात. करमेल कसं? पाय कोण चेपणार?" तिचा आवाज चिरकला. "तुझी बायको बाळंतपणाच्या विटांवर बसली, तेव्हा मागून कोणी धरलं होतं तिला?"

 केनने ओट्यावरचं डोकं उचललं आणि कानांच्या जागेवरून केसच कोरत खाली आणले. गालांपर्यंत. वर काळा रंग.

बाई गेल्या तेव्हा पाणी ओसरलं होतं. मिठात वाळवलेला, कापडात गुंडाळलेला त्यांचा देह टेकडीवर नेला. बायकांनी डोक्यात माती घातली, छाती पिटली. वेबखेतनेही. पण तिची नजर बाहुल्यांच्या पेटीवर. कोणी उचलून निरखली तर? पुजाऱ्याने विधीप्रमाणे बाईंच्या ओठांना तासणी लावली, तोंड उघडलं. बाई आता तिकडे खातील, बोलतील, हाका मारतील.

पेटी उघडली. कुदळी घेतलेल्या बाहुल्या दाटीवाटीने उभ्या. त्यात तिची नव्हती.

ती बाईंच्या खुर्चीपाशी होती. एकटीच. हातात कुदळ नव्हती. कमळ होतं. भिंतीवरच्या चित्रांत घरच्या लेकींच्या हातात असतं, तसं.

"हे काय रे?" वेबखेतने केनचा दंड धरला.

"सांगत होतो, तू ऐकलंस? पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हिला कुदळ नको. जन्मभर पोटी पोर नाही, तिकडे तरी लेक जवळ बसू दे. बोलायला."

"बाहेर काढ तिला. कान कोर."

"आता?"

पुजारी सगळ्यांच्या पावलांचे ठसे झाडत मागे मागे येत होता. त्याने दोघांनाही बाहेर काढलं. दगड रचले. गारा थापला. वेबखेत ओल्या गाऱ्याला तोंड लावून ओरडली, "आले! आले!" बायकांना वाटलं, शोक करतेय. त्यांनीही सूर धरला.

शेवटच्या दुपारी हुनरोबाईंनी दोनदा हाक मारली होती. नाव घेतलं नव्हतं, 'पोरी' म्हणाल्या होत्या. वेबखेत अंगणात कांदे सोलत राहिली होती. तिला ऐकू आलं होतं.