ताबा घेणाऱ्याची सही

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी शहराच्या वीजकेंद्रातली शेवटची कोळशाची भट्टी विझली आणि कोणाच्याही घरचा पंखा थांबला नाही. आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. निदान सकाळी अकरा वाजता तरी असं काही होणं शक्य नाही, यावर नियंत्रण कक्षात एकमत होतं. एकमत म्हणजे भट्टीमास्तरांचं मत. दुसरं मत त्यांच्या सूनबाईंचं होतं, पण ते मास्तरांनी मोजलं नव्हतं.

सूनबाई इंजिनियर होत्या. केंद्रामागच्या राखेच्या माळावर देशाच्या ऊर्जा योजनेतून सौर पॅनेल उभी राहिली होती, शेजारी कंटेनरएवढ्या बॅटऱ्या, आणि या सगळ्याच्या प्रमुख त्या. घरी मास्तर त्यांना ‘सूनबाई’ म्हणत, कक्षात ‘मॅडम’. गेटवर नेमकं काय म्हणायचं याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं. त्यामुळे तेवढी शंभर पावलं दोघं गप्प चालत.

आज चाचणी होती. भट्टी मंद आचेवर ठेवायची, तिची वीज शहरापासून तोडायची आणि तासभर शहर फक्त नव्या विजेवर चालवायचं. तासाभरात मास्तरांची सही झाली तर भट्टी कायमची बंद. नाही झाली तर भट्टी आणखी दहा वर्षं, आणि पॅनेल उचलून दुसऱ्या शहराला. सूनबाईंची तीन वर्षं त्या माळावर गेली होती. उन्हाने नाकाची साल निघाली होती.

मास्तर अडले होते एका रकान्यावर. चौतीस वर्षं त्यांचा एकच नियम होता. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर उभा राहून ‘ताबा घेतला’ म्हणत नाही, तोवर खुर्ची सोडायची नाही. एकदा पुढचा माणूस स्वतःच्याच लग्नामुळे आला नाही. मास्तर सलग तीन शिफ्ट बसून राहिले आणि लग्नाची भेट म्हणून त्याला गैरहजेरीची नोटीस पाठवली.

“इथे लिहिलंय, ‘ताबा घेणाऱ्याची सही’,” मास्तर फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले. “बोलवा त्याला.”

“कोणाला?”

“सूर्याला. मी उठलो की माझ्या जागी तोच बसणार ना?”

“मी करते सही, बाबा.”

“कक्षात बाबा नाही. आणि तुम्ही कशाला? उद्या तो उगवलाच नाही तर त्याच्याऐवजी तुम्ही तापणार आहात का, मॅडम?”

सूनबाई आत्ताच तापल्या होत्या, पण त्याची वीज होत नव्हती.

चाचणी सुरू झाली. अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी ढग आला. साधासुधा नाही. बैठकीला उशिरा येणाऱ्या साहेबासारखा, सावकाश, आणि आल्यावर सगळी जागा व्यापून बसणारा. माळ काळवंडला. मास्तरांचा चेहरा मात्र उजळला.

“घ्या! पहिल्याच दिवशी गायब. अर्ज नाही, चिठ्ठी नाही!” त्यांनी भट्टीवरच्या माणसांना आच वाढवायला सांगण्यासाठी फोन उचलला. आता दवाखान्यापासून न्हाव्यापर्यंत सगळं शहर बंद पडणार होतं. कुठेतरी कोणाची तरी अर्धीच दाढी राहणार होती.

“दोनच मिनिटं, मास्तर,” सूनबाई म्हणाल्या.

मास्तरांनी शहराच्या विजेचा ठोका दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा पन्नासावर होता, म्हणजे असायला हवा तिथेच. अडकला असेल म्हणून त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा पन्नासावरच. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा कोणाचीही बाजू न घेता फिरत होता. मग त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, वीज आहे का?”

“मिक्सर चालू आहे, ऐकू येत नाही का तुम्हाला?” मास्तरीणबाई ओरडल्या. “आणि आज पोरीला छळू नका. न खाता गेलीय ती!”

मास्तरांनी हळूच फोन ठेवला.

“हे कोण करतंय काम?”

“बॅटऱ्या. ऊन हललं की त्याच्या जागेवर बसतात, रात्रभरसुद्धा.”

“म्हणजे बदली कामगार.”

“तसंच समजा.”

“कधी आला तो?”

“सकाळी सातपासून भरून तयार आहे.”

“ढग यायच्या आधीच?” मास्तर खुर्चीत पुढे सरकले. चौतीस वर्षांत वेळेआधी आलेला बदली कामगार त्यांनी पाहिला नव्हता. ऐकलाही नव्हता. “‘ताबा घेतला’ म्हणतो का पण?”

“म्हणत नाही. घेतो.”

ढग तब्बल वीस मिनिटं बसला आणि काहीही निर्णय न घेता निघून गेला. तेवढा वेळ मास्तरांनी पापणी हलवली नाही. काट्यानेही नाही. ऊन परत आलं, तेव्हा त्यांनी फोन उचलला, घसा खाकरला आणि भट्टीवर निरोप दिला, “विझवा.”

मग ते उठले. समोर कोणी ‘ताबा घेतला’ म्हणालेलं नसताना खुर्चीतून उठण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. गुडघ्यांनाही नवल वाटलं. सूनबाईंनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाल्या. कक्षाच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

“चला बाबा, कँटीन उघडलंय. जेवून घेऊ.”

“थांब, सूनबाई. शेरा राहिलाय.”

ताबा घेणाऱ्याच्या सहीच्या जागी मास्तरांनी ‘समक्ष हजर’ असं लिहिलं. शेऱ्याचा रकाना दोनच ओळींचा होता, म्हणून कागद उलटा केला आणि पाठीमागे सुवाच्य अक्षरात लिहिलं:

“नवीन कामगार व त्याचा बदली, दोघांचेही काम समाधानकारक आहे. खाली सही करणारा चौतीस वर्षे भट्टीवर होता. भरवशाचा बदली न मिळाल्याने तो जेवणासाठी एकदाही खुर्चीवरून उठू शकला नाही. रोज एक डोळा काट्यावर ठेवून जेवला. नव्या माणसाच्या वाट्याला हे येऊ नये. सबब, सूर्य यास रोज दुपारी बारा ते साडेबारा जेवणाची सुट्टी मंजूर करण्यात यावी, ही विनंती.”