पैशाचं सोंग

“आधी ते जेवणाचं टेबल उचला,” बेलिफ हमालांना म्हणाला, आणि आईला हसू लपवायला खोटंच खोकावं लागलं.

फोनवर ठरलं होतं वेगळंच. सुरुवात भिंतीवरच्या परदेशी घड्याळापासून करायची, असं तिने नाटकमंडळीतल्या त्या नटाला बजावलं होतं. पण नटालाही अक्कल असतेच की. त्या टेबलावर अर्धं गाव फुकट जेवून गेलं होतं.

लेक गावचा नगराध्यक्ष. हात असा सैल, जणू तळहाताला भोक. चौकात गाण्यावर नाचणारं कारंजं बसवलं, आणि गावाच्या नळाला पाणी दिवसाआड. झाडूवाल्यांचे पगार थकले, तरी घरी जेवणावळी चालूच. टपालाने आलेली पाकिटं न फोडता खणात कोंबायचा. “आमंत्रणं असतील गं,” म्हणायचा.

आई सांगून थकली. “बाबा रे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही आणता येत.” तो हसायचा. शेवटी तिनेच एक सोंग रचलं. घरावर खोटी जप्ती आणायची, सामान एक रात्र मंडळीच्या गोदामात ठेवायचं, आणि उद्या परत. सद्बुद्धी देव देतो खरी, पण कधीकधी आपल्यालाही त्याच्या हाताखाली राबावं लागतं.

‘मी हसले तरी तू हसायचं नाही,’ असंही तिने सांगून ठेवलं होतं. हा बेटा खरंच हसत नव्हता. तिने हळूच डोळा मारला, तर त्याने मान फिरवली.

“आजच?” लेक एवढंच म्हणाला. तोंड चुन्यासारखं पांढरं.

“कारंज्याच्या कर्जाला तुम्ही स्वतःची हमी दिलीत, साहेब. आम्ही हुकमाचे ताबेदार.”

हे वाक्य तिने शिकवलं नव्हतं. चांगलाच तयारीचा निघाला.

सूनबाई नव्या सोफ्यावर मुसमुसत होती. तिला उठवून सोफा गेला. मग घड्याळ गेलं. भिंतीवर एक गोल, फिकट डाग उरला. लेकाचे डोळे भरून आले.

आता एकच घाव, आणि लोखंड वाकेल. आई आपल्या खोलीत गेली आणि गादीखालचा पत्र्याचा डबा घेऊन आली. लोकांचे कपडे शिवून जन्मभर जमवलेलं सोनं होतं त्यात. लेक शहाणा झाला की नव्याने उभं राहायला त्यालाच द्यायचं होतं.

“हेही घ्या,” ती म्हणाली.

बेलिफने डबा उघडून पाहिला आणि आवाज खाली आणला. “आजी, हे तुमचं स्वतःचं असेल तर तसं सांगा. आम्ही हात लावणार नाही.”

आईला संताप आला. ऐन रंगात आलेला प्रवेश हा बावळट पाडायला निघाला होता.

“माझं कसलं आलंय? सगळं ह्याचंच.”

“नीट विचार करा.”

“विचार करूनच म्हणतेय. न्या.” आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर तिने झोकात सही ठोकली.

तेव्हा लेक ढासळला. उघड्या फरशीवर बसून त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. “चुकलो गं आई. तू म्हणशील तसं वागेन.”

बाहेर टेम्पो निघून गेला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. कितीतरी वर्षांनी तो असा जवळ आला होता. थोडं भोगू दे अजून, संध्याकाळी सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

बेल वाजली. दारात आखूड बाह्यांच्या काळ्या कोटातला एक किडकिडीत माणूस उभा होता. मिशी एका बाजूने सुटत आलेली.

“उशीर झाला, आजी,” तो कुजबुजला. “कारंज्याच्या गर्दीत चौक अडलाय. सुरुवात घड्याळापासूनच ना?”