दंडावरचा कापूस

कॉलेजच्या सभागृहात सिस्टरांपुढचा काविळीच्या लशीचा डबा दुपारपर्यंत भरलेलाच होता. मागच्या महिन्यात हॉस्टेलची अकरा पोरं काविळीनं आडवी झाली, तरी बाकीची म्हणत, "आम्हाला काय धाड भरलीय!"

चार वाजता मात्र बाह्या वर करून रांगच लागली.

"आता बरी अक्कल आली?" सिस्टरांनी विचारलं.

"गेटवरचे पाणीपुरीवाले काका दंडावरचा कापूस बघितल्याशिवाय शेवटची सुकी पुरी देतच नाहीत," एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

सिस्टरांना हसू आवरेना. डॉक्टरांच्या तासभराच्या भाषणानं जे झालं नाही, ते एका फुकटच्या पुरीनं करून दाखवलं होतं.

आवराआवर चालली असताना काका स्वतःच दारात आले, बाही दुमडून.

"एखादी उरलीय का, ताई? या सगळ्यांच्या पाण्यात दिवसभर हात माझाच असतो."